उजव्या बुटाखालचं रबर

आमच्या भागात वेळ विचारायची पद्धत नव्हती, भोंगा होता. सकाळी पावणेसातला पहिला, सातला दुसरा. पहिला झाला की लोक घरातनं निघायचे आणि दुसऱ्याच्या आत कंपनीत. दुसरा झाला की वॉचमन गेट ओढून घ्यायचा, मग अर्ध्या दिवसाचा पगार गेला. चाळीपासून गेट सायकलवर सहा मिनिटं, त्यामुळे पहिल्या भोंग्याला मी बशीत चहा ओतून फुंकत बसलेला असायचो. आई म्हणायची, "अरे नीघ की आता." मी म्हणायचो, "अजून नऊ मिनिटं आहेत." मी टर्नर. लेथवर काम करणारा माणूस. जॉबवर जास्तीचा एक धागा, म्हणजे केसाहून बारीक माप, ठेवायचा नाही तशी घरात जास्तीची मिनिटं ठेवायची नाहीत, असा माझा कारभार.

अपघात त्या नऊ मिनिटांमुळे झाला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी लांबण लावत बसेन. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झालेली, संक्रांत नुकतीच होऊन गेलेली, मी बावीसचा. नाल्यापुढच्या वळणावर कडब्याची बैलगाडी चालली होती. तिच्यामागे थांबायला हवं होतं. मी उजवीकडनं सायकल काढली आणि समोर टेंपो. त्याची चूक नव्हती, गाडीआडनं मी त्याला दिसणारच कसा. मधलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी रस्त्यावर आडवा आहे, कडब्याच्या काड्या गालाला टोचतायत, आणि दुसरा भोंगा झाला. शेजारी कुणीतरी उकिडवं बसलं होतं, त्याला मी म्हणालो, "गेट बंद झालं."

तो म्हणाला, "गेटाचं सोड, हलू नकोस."

उजवी मांडी मधोमध मोडली होती आणि डावा पाय घोट्याच्या जरा वर. डाव्याला सरळ प्लास्टर घातलं. उजव्याचं काम मोठं होतं. गुडघ्याखालच्या हाडातनं आरपार सळई घातली, सळईला दोरी, दोरी पलंगाच्या टोकाला असलेल्या कप्पीवरनं खाली, आणि खाली वजनं लोंबकळत ठेवलेली. मोडलेली टोकं एकमेकांवर चढू नयेत म्हणून पाय असा ताणून ठेवायचा. किती दिवस, विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "आठवडे विचार. दहा."

दहा आठवडे पाठीवर. ज्याला बशीतला चहा निवेपर्यंत दम नाही त्याला. पहिल्या चार दिवसांत मी छतावरचे सगळे पोपडे पाठ केले. पंखा एका मिनिटात किती फिरतो ते मोजायचा प्रयत्न केला, पंखा रडतखडत फिरायचा आणि पात्याला एका जागी डाग होता म्हणून ते जमलंही. मग कप्पी. ती कप्पी कुरकुरायची. मी श्वास घेतला की कुर्र, खोकलो की कुर्र. माझ्यासारख्या माणसाला सुकं बेअरिंग ऐकवत नाही, अंगावर काटा येतो. आमच्या टूलरूममधे माझा एक दोस्त होता, चिखलीचा, जुन्या गावातला. तो रविवारी भेटायला आला तेव्हा त्याला मी पहिलं वाक्य हेच बोललो, की ती कप्पी बघ.

पुढच्या वेळी त्यानं जेवणाच्या डब्यातनं तेलाची बारकी पिचकारी आणली. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून दोन थेंब सोडतोय तोच सिस्टर आली.

"हे काय चाललंय?"

"काय न्हाई सिस्टर, ऑइलिंग."

"पेशंटला हात लावू नका."

"पेशंटला न्हाई, मशीनला लावतोय."

सिस्टरनं पिचकारी काढून घेतली, पण कप्पी गप्प झाली. त्या दुपारी मी पहिल्यांदा सलग दोन तास झोपलो.

शेजारच्या पलंगावर चाकणकडचे एक म्हातारेबाबा होते. कांद्याची गाडी बाजारात आणताना पोत्यावरनं पडले आणि खुबा मोडला. ते दिवसभर शांत पडून असायचे. मला आश्चर्य वाटायचं आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. एकदा त्यांनीच विचारलं, "आरं पोरा, तू सारखा कॉटचा गज का वाजवतोस?"

"वेळ जात नाही, बाबा."

"मंग ती का गज वाजवून जाती व्हय?" मग म्हणाले, "कांदा काढला की लगीच साठवाया भरत न्हाईत. पातीसकट रानात वाळू द्यायचा. घाई क्येली त्यो सडला."

मी म्हणालो, "मी काय कांदा आहे का?"

"न्हाईस. कांदा गप पडतो."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो, पण गज वाजवायचा थांबलो नाही.

पंधराव्या दिवशी आमचे फोरमन साहेब आले. हातात सहा केळी, पायात कंपनीचेच बूट. साहेब फार बोलायचे नाहीत. पलंगाला लटकलेला माझा कागद त्यांनी वाचला, दोरी कुठून कुठे जाते ते बघितलं, वजनं बघितली आणि म्हणाले, "लेथवर बदली माणूस लावलाय. दिवाळीपर्यंत ती तुझी. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी ये आणि उभा राहून शिफ्ट काढून दाखव. नाही जमलं तर स्टोअरमधे बसवू. खुर्ची आहे, पंखा आहे."

साहेबांनी ते चांगल्या मनानंच सांगितलं, ते मला आता कळतं. तेव्हा मला ते शिक्षा सुनावल्यासारखं वाटलं. स्टोअर म्हणजे जाळीच्या खिडकीमागे बसून नटबोल्ट मोजून द्यायचे. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, उस्मानाबादकडनं इथे येऊन सगळी वर्षं माल चढवण्या-उतरवण्यात घातली होती. घरात हातात कारागिरी असलेला मी पहिला. मी आयटीआय झालो तेव्हा अण्णा मला विचारायचे, "लेथ म्हंजी नेमकं काय करतंय रं?" आणि मी ताटातल्या भाकरीवर बोटानं दाखवायचो, की जॉब असा फिरतो आणि टूल असं आत जातं. मग ते शेजाऱ्यांना भाकरीवर दाखवायचे. ती लेथ जायची म्हणजे फक्त माझी जायची नव्हती. आणि दुसरं म्हणजे मला बसवतच नाही. आठ तास खुर्चीत, मी खुर्ची खाल्ली असती.

तर दिवाळी. तेवढी एक गोष्ट डोक्यात.

घरी आलो तो उन्हाळा भरात होता. वजनं गेली होती, डाव्याचं प्लास्टर निघालं होतं, आणि आता उजव्या मांडीवर प्लास्टर होतं. एक खोली, पुढे व्हरांडा, संडास चाळीच्या टोकाला आणि तोही उकिडवं बसायचा. मला गुडघा वाकवता येत नव्हता. अण्णांनी कुठूनतरी एक लाकडी खुर्ची आणली, तिच्या मधोमध गोल कापून काढला, काचकागदानं कड गुळगुळीत केली आणि मला म्हणाले, "बस बरं, टोचलालंय का बग." मी बसलो. दारात पडदा म्हणून आईचं जुनं लुगडं. बावीस वर्षांचा मी आणि बाहेर नळावर सगळी चाळ. त्यावर जास्त लिहीत नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा आत जो पाय होता तो माझा नव्हता. बारीक, पांढरा, केसाळ, आणि गुडघा दरवाजाच्या गंजलेल्या बिजागरीसारखा. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, रोज थोडा वाकवायचा. थोडा म्हणजे किती ते सांगितलं नाही. मी दोस्ताला सांगून टूलरूममधनं कोन मोजायचं साधन मागवलं, लोखंडी, दोन पट्ट्यांचं, मधे अंशांची चकती. तो शनिवारी संध्याकाळी शर्टाच्या आत लपवून आणायचा आणि सोमवारी सकाळी परत नेऊन ठेवायचा. एक पट्टी मांडीवर, एक नडगीवर. पहिल्या शनिवारी पस्तीस अंश. पुढच्या शनिवारी एक्केचाळीस. भिंतीवर कोळशानं आकडे लिहायला लागलो. आई म्हणाली, "भिंत का घाण करतोस?" अण्णा म्हणाले, "लिहू दे त्याला."

सत्तरवर गाडी अडकली. तीन शनिवार सत्तर म्हणजे सत्तर. चौथ्या शनिवारी मी दोस्ताला म्हणालो, "माझ्या घोट्यावर बस."

"याड लागलंय का?"

"बस तर. हळूच."

तो बसला नाही. शिव्या देऊन निघून गेला, आणि मी पलंगाच्या लोखंडी पट्टीत पाय अडकवून स्वतःच गुडघा ओढला. बहात्तर झाले. आणि पुढचे दहा दिवस गुडघा पपईएवढा. शेकून शेकून आईच्या हाताला फोड आला. भिंतीवरचा आकडा खाली आला, अठ्ठावन्न. ते अठ्ठावन्न मी लिहिलंच नाही, अण्णांनी लिहिलं. स्वतः कोळसा घेऊन. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

मग कुबड्या. कुबड्यांवर मी भोंग्याशी शर्यत लावायला सुरुवात केली. पहिला भोंगा झाला की व्हरांड्यातनं निघायचं, दुसरा होईल तिथे थांबायचं आणि ती जागा लक्षात ठेवायची. पहिल्या दिवशी नळ. आठवड्यानं चाळीचा शेवट. पाऊस होता, कुबड्यांची टोकं चिखलात रुतायची, शिफ्टला जाणारे लोक सायकलवरनं ओरडायचे, "काय राव, आज कुठपर्यंत?" पोळ्याच्या सुमारास पिठाची गिरणी. गणपतीत एक कुबडी सुटली आणि विहाराच्या पायऱ्यांपर्यंत गेलो. त्या आठ पायऱ्या. खाली-वर, खाली-वर. संध्याकाळी वंदनेला आलेल्या म्हाताऱ्या बायका बाजूला सरकून मला वाट द्यायच्या आणि एक जण रोज विचारायची, "आता बसशील का जरा?" नवरात्रात हातात नुसती काठी आली, आणि दुसऱ्या भोंग्याला मी नाल्यावर होतो. गेट अजून तेवढंच लांब, पण दिसत होतं.

म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. आणि मग मी स्वतःला चालताना बघितलं.

स्टेशनाजवळ कपड्याचं एक दुकान होतं, मोठी काच असलेलं. त्या काचेत एक माणूस येताना दिसला. प्रत्येक पावलाला उजवीकडे बुडायचा आणि वर यायचा, बुडायचा आणि वर यायचा. मला वाटलं, बिचारा. मग कळलं.

उजवा पाय आखूड झाला होता. डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं की थोडा फरक राहील, पण मी ते ऐकून सोडून दिलेलं. आता मला दुसरं काही दिसेना. दिवाळीनंतर मी असा बुडत-वर येत मशीनशॉपमधे शिरलो तर फोरमन साहेब लेथपर्यंत तरी जाऊ देतील का? चालतानाच बघून म्हणतील, जा स्टोअरमधे.

दोस्ताला सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच ना भावा? पॅकिंग टाकू की."

हे आम्हालाच सुचू शकतं. मशीन नवीन बसवताना एक पाय खाली असला तर त्याखाली पत्र्याचे पातळ तुकडे सारतात, वर स्पिरिट लेव्हल ठेवतात, आणि आतला बुडबुडा बरोबर मधे आला की बस. आम्ही माणूस तसाच बसवायला घेतला.

रविवारी सकाळी तो पिशवी घेऊन आला. लेव्हल, जाडी मोजायचा व्हर्नियर, पत्र्याचे तुकडे. म्हणाला, "टूलरूममधल्या सपाट सरफेस प्लेटवरच उभा क्येला असता तुला, पर तिच्यावर पाय ठिवला तर मिस्त्री जीव घील." आमच्या फरशीचा काही भरवसा नव्हता, म्हणून आधी एक फळी टाकून ती फळी लेव्हलमधे आणली. त्यातच तास गेला. मग मी त्या फळीवर, लेंगा खाली सरकवून. कमरेची दोन्ही हाडं त्यानं बोटानं चाचपली, निळ्या पेन्सिलीनं खुणा केल्या, खुणांवर सरळ पट्टी धरली आणि पट्टीवर लेव्हल. आई चुलीपुढनं वळून बघायची आणि परत भाकरी थापायची.

"श्वास घिऊ नको."

"किती वेळ?"

"बुडबुडा हलतोय. गप."

उजव्या पायाखाली एकेक तुकडा सारत गेला. बुडबुडा सरकत सरकत मधे आला. सगळे तुकडे काढून एकत्र धरले आणि व्हर्नियरमधे मोजले. बावीस मिलिमीटर. दोस्तानं तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बावीस.

कंपनीत जाड पट्ट्याचं रबर असतं, जुनं फाटलेलं, भंगारात पडतं. त्यानं त्यातला तुकडा विचारून घेतला, माझ्या उजव्या बुटाच्या तळाच्या आकारात कापला, ग्राइंडरवर घासून बावीसवर आणला, पुढे बोटांकडे छान उतार दिला आणि बुटाला चिकटवून वर बारीक खिळे मारले. बूट हातात घेतला तर विकत आणल्यासारखा. मी घातला आणि व्हरांड्यात चाललो. आई म्हणाली, "अगं बाई, सरळ चालतोय." चाळीतले लोक बाहेर आले. स्टेशनाजवळच्या काचेत मी चार वेळा स्वतःला बघून आलो. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "काय हवंय?" मी म्हणालो, काही नाही. दिवाळीला पंधरा दिवस होते.

दोन दिवस मी हवेत होतो. सकाळी गेटापर्यंत, संध्याकाळी परत गेटापर्यंत. तिसऱ्या दिवशी कमरेत चमक आली. चौथ्या दिवशी डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ. मला वाटलं सवय होईल, आणखी चाललो. सहाव्या दिवशी सकाळी पहिला भोंगा झाला आणि मला पलंगावरनं उठताच येईना. उठायला गेलो की कोणीतरी पाठीत स्क्रूड्रायव्हर घालून फिरवल्यासारखं. मी परत छताकडे बघत पडलो. आमच्या खोलीचं छत पत्र्याचं, पोपडेसुद्धा नाहीत.

अण्णा त्या दिवशी कामाला गेले नाहीत. पलंगाशी बसून म्हणाले, "स्टोअरमधी काय वाईट हाय? बसून काम हाय."

मी म्हणालो, "अण्णा, तुम्हाला चालेल?"

त्यांनी माझं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "मला तू चालायलास तेवढं बास हाय." आणि उठून बाहेर गेले. त्यांना चालणार होतं की नव्हतं ते मला अजून माहीत नाही.

टेंपो करून हॉस्पिटलला गेलो, दोस्त शिफ्ट सोडून बरोबर आला. डॉक्टरांनी पाठ दाबून बघितली, पाय उचलून बघितले, मग त्यांची नजर बुटाकडे गेली. त्यांनी तो उचलला, उलटा केला, अंगठा फिरवून बघितला.

"हे कुणी केलं?"

दोस्त म्हणाला, "मी. बावीस मिलिमीटर. फरक बरोबर बावीसच हाय, लेव्हल लावून काढलाय."

"फिनिशिंग चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले. "माप पण बरोबर असेल. पण आधी मला का नाही विचारलं?"

खरं उत्तर असं की आम्हाला तो डॉक्टरचा प्रश्न वाटलाच नव्हता, फिटिंगचा वाटला होता.

डॉक्टर म्हणाले, "अरे, हा किती महिने वाकडा उभा आहे. त्याची कंबर, पाठ, सगळं त्या वाकडेपणाला धरून बसलंय. तुम्ही एका दिवसात खालनं उचललंत. वरचं सगळं ओढलं गेलं." त्यांनी बूट दोस्ताच्या हातात दिला. "निम्मं काढून टाक. बाकीचं त्याचं शरीर करून घेईल. पुढे लागलं तर थोडं थोडं वाढवू."

दोस्तानं खिशातनं पेन्सिल काढली. "निम्मं म्हंजी अकरा?"

"अंदाजे."

"अंदाजे म्हंजी? साडेदहा चालंल का साडेअकरा?"

"दोन्ही चालेल."

"मंग कमीजास्तीचा टॉलरन्स किती धरू?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "ह्याला विचार. बरं वाटलं की थांब."

परतीच्या वाटेवर दोस्त बूट मांडीवर घेऊन बसला होता. चाळीपाशी उतरताना म्हणाला, "एवढा शिकल्याला माणूस, आणि अंदाजे म्हनतो." पण रबर त्यानं घासलं. किती ठेवलं ते मी विचारलं, तर म्हणाला, "मोजलं न्हाई." टूलरूमचा माणूस मोजलं नाही म्हणतो, यावर मी विश्वास ठेवला नाही, पण व्हर्नियर मागवून मोजलंही नाही. पाच दिवस पडून राहिलो. गज वाजवला नाही, आमच्या पलंगाला गज नव्हताच. सहाव्या दिवशी उठलो आणि चाललो. उजवीकडे बुडत होतो, पूर्वीपेक्षा कमी. काचेत बघायला गेलो नाही.

दिवाळीनंतरचा पहिला दिवस. कंपनीच्या डॉक्टरनं कागदावर सही दिलेली होती, पण खरी सही फोरमन साहेबांची. मी शॉपमधे शिरलो तेव्हा ते ऑफिसच्या काचेमागनं बघत होते. मी बुडत-वर येत त्यांच्यासमोरनंच लेथपर्यंत गेलो. लपवायला काही उरलंच नव्हतं.

लेथ तीच, पण पायाखालचा पाट नवा होता. लेथपुढे उभं राहायला लाकडी पाट असतो, लोखंडाचा किस पायाला टोचू नये म्हणून. माझा पाट जुना होता, माझ्या आधी तिथे एक जण निवृत्त होईपर्यंत उभा राहिला होता, त्याच्यापासूनचा. बदली माणसाला तो डुगडुगतो म्हणून आवडला नाही, त्यानं नवा करून घेतलेला. सपाट, पिवळाधमक.

साहेबांनी शाफ्टचं काम दिलं, पायऱ्या-पायऱ्यांचा शाफ्ट, चांगला किचकट. मी सुरू केलं. पहिला कट घेतला आणि तो आवाज, किस वळून निळा पडताना येतो तो वास, मी विसरलोच होतो की कुणी बघतंय. पण नऊच्या पुढे कंबर बोलायला लागली. साडेनऊला मी डाव्या पायावरचा भार उजव्यावर, उजव्यावरचा डाव्यावर, असं सारखं करत होतो. हॅन्डलवर हात ओला. चहाच्या सुट्टीत मी बसलो नाही, कारण बसलो असतो तर उठलो नसतो. दोस्त टूलरूममधनं आला, माझ्याकडे बघितलं आणि मागच्या बाजूला निघून गेला.

तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर माझा जुना पाट होता. भंगारच्या ढिगातनं काढलेला, तेलानं काळा पडलेला. नवा पायानं सरकवला आणि जुना टाकला.

"उभा ऱ्हा ह्याच्यावर."

मी उभा राहिलो. त्या पाटाला डाव्या बाजूला खड्डा पडलेला होता, तळव्याच्या आकाराचा. माझ्या आधीचा माणूस डाव्या पायावर रेलून उभा राहायचा, वर्षानुवर्षं. मीही तीन वर्षं त्याच खड्ड्यात उभा होतो आणि कधी लक्षात आलं नव्हतं. डावा पाय खड्ड्यात गेला, उजवा वर राहिला, आणि कमरेतली ती कळ, गेली नाही, पण आवाज कमी केल्यासारखी झाली.

"किती आहे खड्डा?" मी विचारलं.

दोस्तानं वाकून खड्ड्यात बोट घातलं. व्हर्नियर त्याच्या खिशात होता, मला दिसत होता. "अंदाजे बरोबर हाय," तो म्हणाला.

साहेब आले तेव्हा आम्ही दोघं पाटाकडेच बघत होतो.

"हा भंगारात टाकलेला ना?"

"व्हय साहेब," दोस्त म्हणाला, "पर ह्याला ह्योच बसतो."

साहेबांनी पाटाकडे बघितलं, माझ्या बुटाकडे बघितलं, मग मायक्रोमीटर मागितला. चकमधे धरलेला जॉब त्यांनी तीन ठिकाणी मोजला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि त्यांचं तोंड नेहमीसारखं होतं, कोरं. मायक्रोमीटर पुसून त्यांनी परत दिला.

"मधली पायरी एक धागा जास्त आहे."

"एक कट बाकी आहे, साहेब."

"मग घे की." आणि जाताना न वळता म्हणाले, "पाट राहू दे."

शिफ्ट सुटेपर्यंत मी उभा होतो. शेवटचे दोन तास कसे काढले ते मला माहीत आणि त्या पाटाला माहीत. घरी आलो तेव्हा अण्णा व्हरांड्यात बसले होते. ताट आलं तेव्हा मी भाकरी फिरवून बोटानं दाखवलं, की आज हा शाफ्ट केला, एक पायरी इथे, एक इथे, एक इथे. मधल्या पायरीशी त्यांनी बोट ठेवलं. म्हणाले, "हितं किती?"

त्याला आता तीन वर्षं होत आली. बुटाखालचं रबर एकदा बदललं, थोडं वाढवलं. गुडघा एकशे दहावर आहे, पुढे जात नाही. सायकल मी परत घेतली नाही. चालत मला गेटापर्यंत वीस मिनिटं लागतात, थंडीत बावीस, म्हणजे दोन भोंग्यांमधे मी कधीच पोचणार नाही. म्हणून पहिला भोंगा होतो तेव्हा मी नाल्यावर असतो. गेटात पोचतो तेव्हा बहुतेक वेळा पाचेक मिनिटं शिल्लक असतात, आणि त्या पाच मिनिटांचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. मी गेटाच्या आतल्या बाजूला येरझाऱ्या घालतो. वॉचमन म्हणतो, "अरे बस की जरा, बाकडं आहे." मी म्हणतो, "नको, आलाच भोंगा."